रुग्णाकडे डॉक्टर की डॉक्टरकडे रुग्ण?

तातडीच्या वैद्यकीय सेवेचे दोन संप्रदाय मानण्याची रूढी आहे. फ्रान्स-जर्मनीत डॉक्टर रुग्णापाशी जातो. इंग्लंड-अमेरिकेत प्रशिक्षित परिचर रुग्णाला डॉक्टरपाशी आणतो. हा भेद त्या त्या राष्ट्राच्या स्वभावातून उद्भवला, असे ध्वनित करणारी मांडणी वारंवार आढळते. इतिहास तपासता ती टिकत नाही.

फ्रेंच परंपरेचे मूळ लारे या शल्यवैद्याकडे नेले जाते. सैन्याची रुग्णपथके नियमानुसार रणभूमीपासून कोसभर मागे उभी राहत. १७९२ च्या ऱ्हाइन मोहिमेत जखमींची त्यामुळे होणारी दैना पाहून त्याने हलक्या घोडागाड्या रणातच नेण्याची योजना आखली. ही दृष्टी नागरी जीवनात उतरली ती मात्र प्रथम अमेरिकेत. यादवी युद्धात अनुभव घेतलेल्या डॉ. डाल्टन यांनी १८६९ साली न्यूयॉर्कच्या बेलव्ह्यू रुग्णालयाची गाडी सुरू केली, आणि त्या गाडीत डॉक्टर बसत असे! तथाकथित 'अमेरिकन' पद्धतीचा आरंभ असा आहे.

व्हिएन्नाची कथा अधिक विदारक आहे. ८ डिसेंबर १८८१ रोजी तेथील रिंग नाट्यगृहास आग लागली. आत माणसे गुदमरत असता बाहेर 'सर्व वाचले' अशी ग्वाही अधिकारी देत होते. मृतांचा अधिकृत आकडा ३८४ ठरला. दुसऱ्याच दिवशी डॉ. यारोमीर मुंडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वेच्छा बचाव संस्था स्थापिली.

याच व्हिएन्नात १९२४ साली जन्मलेले डॉ. पीटर साफार पुढे पिट्सबर्गला गेले. तोवर अमेरिकेतील रुग्णवाहतूक बहुतांशी पोलिसांच्या वा अंत्यसंस्कार करणाऱ्या व्यावसायिकांच्या गाड्यांवर येऊन ठेपली होती. आडवा माणूस मावेल अशी गाडी त्यांच्यापाशी असे, एवढेच कारण. साफार यांनी गाडीत डॉक्टर बसविला नाही. १९६७ साली सुरू झालेल्या 'फ्रीडम हाउस' सेवेत त्यांनी शहरातील बेरोजगार कृष्णवर्णीयांना कसून शिक्षण दिले. १९७५ साली नगरपालिकेने स्वतःची सेवा उभारून ही बंद केली आणि त्यातील बहुतेकांना हळूहळू बाहेर पडावे लागले. त्यांच्याच अनुभवावर आधारलेला अभ्यासक्रम मात्र देशभर प्रमाण ठरला. या विसंगतीकडे इतिहासकारांचे लक्ष फार उशिरा गेले.

फ्रान्समध्ये १९६८ साली तूलूझ येथे प्रा. लारेंग यांनी जी व्यवस्था घडविली, तिचे वैशिष्ट्य गाडीपेक्षा दूरध्वनीत आहे: आलेल्या हाकेचा निर्णय डॉक्टरच करतो. रुग्णालये व विद्यापीठे यांच्या हाती सूत्रे असल्याने हे शक्य झाले.

आपल्याकडे हैदराबादेत २००५ साली सुरू झालेल्या १०८ सेवेत गाडीत परिचर असत. महाराष्ट्राने २०१४ साली त्याच क्रमांकाची सेवा उभारताना गाडीत डॉक्टर नेमले. ही फ्रेंच संप्रदायाची दीक्षा म्हणावी काय? या डॉक्टरांत आयुर्वेदाचे पदवीधर पुष्कळ आहेत. शिकलेले परिचर विरळ आणि असे पदवीधर विपुल, ही येथील वस्तुस्थिती त्या निवडीमागे उभी आहे.