बडतर्फीचा शिक्का : सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांचे प्रकरण

सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्या माणसास एकोणिसाव्या शतकातील हिंदुस्थानात दुसरा प्रतिष्ठित व्यवसाय सापडणे किती दुर्घट होते, याचे बोधक उदाहरण म्हणून सुरेंद्रनाथ बॅनर्जी यांच्या प्रकरणाकडे पाहता येते. त्यांच्या राजकीय कार्याविषयी विपुल लिहिले गेले आहे. त्याच्या मुळाशी असलेला हा व्यावसायिक मानहानीचा भाग मात्र बहुधा दोन ओळींत आटोपला जातो.

सनदी नोकरीशी त्यांचा पहिला संघर्ष नोकरी मिळण्यापूर्वीच झाला. १८६९ साली ते परीक्षा उत्तीर्ण झाले. परंतु वयोमर्यादा ओलांडल्याच्या संशयावरून त्यांचे नाव यादीतून वगळण्यात आले. मुंबई इलाख्याचे श्रीपाद बाबाजी ठाकूर यांच्यावरही हाच प्रसंग ओढवला. वादाचे मूळ कालगणनेत होते. पूर्ण झालेली वर्षे न सांगता चालू वर्ष सांगण्याची एतद्देशीय रीत आयुक्तांना उमगली नव्हती. सुरेंद्रनाथांनी क्वीन्स बेंच न्यायालयात दाद मागितली आणि अखेर त्यांचे नाव पुन्हा यादीत दाखल झाले.

१८७१ साली सिल्हेट येथे साहाय्यक दंडाधिकारी म्हणून ते रुजू झाले. तेथील वरिष्ठ सदरलँड यांच्याशी त्यांचे लवकरच बिनसले. युधिष्ठिर नामक आरोपीविरुद्ध नाव चोरल्याचा एक क्षुल्लक खटला रेंगाळला होता; आरोपी फरारी नसता त्याचे नाव फरारी आरोपींच्या यादीत दाखविले गेले आणि त्या कागदावर सुरेंद्रनाथांची सही होती. कारकुनाने पुढे केलेल्या कागदांच्या राशीत आपण न वाचता सही केली, असे त्यांचे म्हणणे. जाणूनबुजून असत्य नोंद केली आणि खुलासाही खोटा दिला, असा सरकारपक्षाचा आरोप. चौकशी कलकत्त्यास व्हावी ही विनंती नाकारली गेली. मंडळ सिल्हेटलाच बसले आणि त्याने त्यांना दोषी ठरविले. सुरेंद्रनाथांची स्वतःची हकीकत १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रात आहे. अर्धशतकानंतर लिहिलेली ती बाजू सावधपणेच वाचली पाहिजे. तथापि हलगर्जीपणा पूर्णतः मान्य केला तरी ताकीद वा बदली यांनी जे भागले असते, त्यास बडतर्फीची शिक्षा द्यावी, हे प्रमाणास सोडून होते, यात संशय नाही.

भारतमंत्र्यांच्या कचेरीत गाऱ्हाणे मांडण्यासाठी ते १८७४ साली विलायतेस गेले. बडतर्फी कायम झाली. दरमहा पन्नास रुपयांचा अनुकंपा भत्ता तेवढा पदरी पडला. खरा आघात यापुढचा होय. कायद्याचा अभ्यास पुरा करून बॅरिस्टर व्हावे, म्हणून त्यांनी मिडल टेंपलकडे अर्ज केला. तेव्हा सनदी नोकरीतून काढलेला माणूस म्हणून तेथेही प्रवेश नाकारण्यात आला. म्हणजे एका धन्याने दिलेली शिक्षा दुसऱ्या स्वतंत्र व्यवसायाच्या दारावर जाऊन चिकटली. शिक्षा देणाऱ्याचा अधिकार जेथे संपावयास हवा, तेथे तो संपला नाही.

१८७५ च्या जूनमध्ये ते परतले, ते कोणताही व्यवसाय हाती नसताना. या वेळी ईश्वरचंद्र विद्यासागर यांनी आपल्या मेट्रोपॉलिटन इन्स्टिट्यूशनमध्ये दरमहा दोनशे रुपयांवर त्यांना इंग्रजीचे अध्यापकपद दिले. सरकारी शिक्क्याची पर्वा न करणारी, लोकाश्रयावर चालणारी एक संस्था तरी शहरात होती, हा योगायोग लहान नव्हे. कलंकित नोकरास अन्नास लावणे हे विद्यासागरांच्या दृष्टीने केवळ औदार्य नसावे. उत्तम शिक्षक स्वस्तात मिळतो, ही व्यवहारदृष्टीही त्यात असू शकेल.

पुढील वाटचाल या अध्यापनातूनच निघाली. १८७६ साली इंडियन असोसिएशन स्थापन झाली. सनदी परीक्षेची वयोमर्यादा एकवीसवरून एकोणीसवर आणली गेली, तेव्हा त्याविरुद्ध हिंदुस्थानभर सभा घेत ते हिंडले आणि त्या दौऱ्यात मुंबई इलाख्यातही आले. ज्या परीक्षेने त्यांना मान दिला व ज्या नोकरीने तो हिरावला, तिच्याच दारात इतरांना प्रवेश मिळावा म्हणून त्यांनी वाणी झिजविली. १८९५ च्या पुणे काँग्रेसचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले.

१९२१ साली ते बंगालचे स्थानिक स्वराज्य खात्याचे मंत्री झाले. ज्या सनदी नोकरीने त्यांना १८७४ साली घालविले होते, तिचेच अधिकारी त्यांच्या खात्याच्या फायली आता त्यांच्यापुढे सहीसाठी ठेवू लागले.