कात्रणातलं घराणं

बदलीचं सामान उघडताना काळ्या ट्रंकेच्या तळाशी आईचं एक पाकीट सापडलं. आत वर्तमानपत्राचं पिवळं पडलेलं कात्रण. मी एनडीएतून पास आउट झालो तेव्हा आमच्या गावाकडच्या पेपरात छापून आलेली चार ओळींची बातमी. अमुक अमुक यांचे चिरंजीव खडकवासल्याहून ‘लेफ्टनंट होऊन’ बाहेर पडले! डेहराडूनचा वर्षभराचा रगडा अजून बाकी होता, हे त्या पेपरवाल्यांना कोण सांगणार? बातमीत वडिलांचं नाव आहे, त्यांचं खातं आहे, गाव आहे. आईचं नाव नाही. आणि कापताना वरची तारीखही कापली गेली आहे.

एरवी हसून पाकीट परत ठेवलं असतं. पण सध्या पोस्टिंग कानपूरला आहे आणि इथे मला एक नाद लागलाय. जुन्या इंग्रजी वर्तमानपत्रांतून एका घराण्याचा माग काढायचा.

कानपूरच्या छावणीत १८७५ साली बांधलेलं मेमोरियल चर्च आहे. त्याच्या आसपास जमिनीत दगडी खुंट रोवलेले दिसतात. १८५७ मध्ये जनरल सर ह्यू व्हीलर यांनी मातीचा कच्चा मोर्चा उभारून हजाराच्या आसपास माणसं आत घेतली, त्या मोर्चाची ती हद्द. बाहेर नानासाहेबांचं सैन्य, आत तीन आठवडे ऊन, तहान आणि तोफगोळे. २७ जूनला सतीचौरा घाटावर जे झालं, पुढे बीबीघरात जे झालं आणि त्यानंतर इंग्रजांनी जो सूड उगवला, त्यावर पुष्कळ लिहिलं गेलंय. आपण मराठी माणसं ही जागा पेशव्यांच्या बाजूने ओळखतो. मला कुतूहल होतं मोर्चाच्या आतल्या म्हाताऱ्याचं. जन्म १७८९ चा, म्हणजे वेढ्याच्या वेळी सत्तरीला टेकलेला. याच्या घरात कोण कोण होतं?

व्हिक्टोरिया राणीच्या काळातली वर्तमानपत्रं आता संगणकावर शोधता येतात. पण शोधणाऱ्याला काही गोष्टी ठाऊक हव्यात. पहिली, त्या काळी इथल्या नावांची स्पेलिंगं कानाला जशी वाटतील तशी. कानपूर आजच्या स्पेलिंगने शोधलं तर फारसं हाती लागत नाही. ‘कॉनपोर’ असं लिहून पाहावं लागतं. दुसरी, माणसाचं नाव सापडलं नाही तर त्याची पलटण शोधावी. तिसरी, बातमीची तारीख ही घटनेची तारीख नसते. १८५७ साली हिंदुस्थान आणि लंडन यांच्यात थेट तार नव्हती, ती १८६५ साली आली. कानपूरची बातमी आगबोटीने सुएझमार्गे जायची, विलायतेत छापून यायला महिना उलटून जायचा. चौथी गोष्ट फौजी माणसाला वेगळी सांगायला नको. एका पेपरातलं दुसरा उतरवून घ्यायचा, दुसऱ्याचं तिसरा. दहा ठिकाणी छापलं म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत. खबर एकच, फक्त दहा वेळा पुढे पाठवलेली.

घराण्याच्या शोधात सगळ्यात उपयोगी पडतात ते जन्म, विवाह, मृत्यूचे बारीक टायपातले रकाने. त्यांचा साचा ठरलेला. ‘अमुक पलटणीच्या कॅप्टन अमुक यांच्या पत्नीस पुत्र झाला.’ बापाचा हुद्दा, पलटण, छावणी, सगळं चोख. आईचं नाव नाही. आगबोटीच्या प्रवाशांच्या यादीतही तसंच. ‘मिसेस अमुक, दोन मुलं आणि नोकर.’ त्या नोकराला किंवा आयाला नाव असायचंच, ते छापलं मात्र जायचं नाही.

या रकान्यांच्या हिशेबाने व्हीलरसाहेब सहज सापडतात. जन्म आयर्लंडचा, बापही कंपनीच्या नोकरीत कॅप्टन. अफगाणिस्तानात ४८ व्या बंगाल नेटिव्ह इन्फंट्रीचं नेतृत्व. डिसेंबर १८४५ मध्ये मुदकीला जखमी, लगेच पुढच्या महिन्यात अलिवालच्या लढाईत हजर. १८५० मध्ये ‘सर’. एखादं सर्व्हिस रेकॉर्ड वाचावं तसं सगळं क्रमाने लागतं.

गाडी अडते ती घरात शिरताना. लग्न मार्च १८४२, आग्रा. वधू फ्रान्सिस माटिल्डा, कंपनीतल्या मार्सडेन नावाच्या अधिकाऱ्याची मुलगी. तिचे पहिले पती ऑलिव्हर नोव्हेंबर १८४१ मध्ये काबूलजवळच्या लढाईत पडलेले. आता पुढचा हिशेब पाहा. १८५७ मध्ये व्हीलरांचा मुलगा गॉडफ्रे लेफ्टनंट होता आणि मोर्चात बापाचा एडीसी होता. आईबापांच्या लग्नाला तर जेमतेम पंधरा वर्षं झालेली. पंधरा वर्षांच्या पोराला लेफ्टनंट कोण करेल? म्हणजे हा मुलगा लग्नाआधीचा. त्याची बरीच भावंडंही तशीच. आपल्या भाषेत सांगायचं तर या मुलांची पार्ट टू ऑर्डर निघण्यासारखी नव्हती. त्यात फ्रान्सिसची आई हिंदुस्थानी होती. ‘कॅप्टन अमुक यांच्या पत्नीस’ या साच्यात अशा आईला आणि अशा आजीला जागाच नव्हती.

गॉडफ्रे वेढ्यातच गेला. जखमी होऊन आईबहिणींजवळ पडला असताना तोफेचा गोळा त्या खोलीत आला आणि त्याचं मस्तक उडालं. इंग्रजांची कुमक पोहोचल्यावर त्या भिंतीवर त्याच्याविषयीच्या चार ओळी लिहिलेल्या सापडल्या. आईबाप काही दिवसांतच घाटावर मारले गेले.

आणि मग हे घराणं वर्तमानपत्रांत एकाएकी गाजू लागतं, ते धाकट्या मुलीमुळे. कुणी तिचं नाव युलरिका सांगतात, कुणी मार्गारेट. छापील मजकुरात ती बहुतेक वेळा नुसती ‘मिस व्हीलर’. कथा अशी की घाटावरून एका स्वाराने तिला उचलून नेलं. रात्री तिने त्याला आणि त्याच्या घरच्यांना ठार केलं आणि विहिरीत उडी घेतली. कुठे हातात तलवार, कुठे पिस्तूल. चार्ल्स बॉल यांच्या बंडाच्या इतिहासात तर पिस्तूल झाडणाऱ्या मिस व्हीलरचं चित्रच छापलं. विलायतेत १८५५ मध्ये वर्तमानपत्रांवरचा स्टॅम्प कर उठला होता, एका पेनीचे पेपर निघाले होते आणि वाचक सुडाने पेटलेला होता. त्याला अशी मुलगी हवी होती. जिच्या आईचं घराणं एरवी कुणी नीट विचारलं नसतं, ती मेल्यावर आख्ख्या इंग्लंडची लेक झाली.

फक्त ती मेलेली नव्हती. १८६५ मध्ये ट्रेव्हेलियन यांनी कानपूरवर पुस्तक लिहिलं, त्यात त्यांनी ही कथा खोटी ठरवली. मुलगी जिवंत होती, त्या स्वाराच्याच घरी. ती अस्सल इंग्रज रक्ताची नाही, हेही त्यांनी जाता जाता सुनावलं. म्हणजे मेली तर आपली, जगली तर निम्मी. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कानपूरच्या बाजारात एका मरणोन्मुख म्हातारीने स्वच्छ इंग्रजीत आपली ओळख ‘मिस व्हीलर’ अशी सांगितली, अशी आठवण इथे अजून सांगतात. ती पन्नास वर्षं कशी जगली, तिने मनाने तो संसार केला की नाइलाजाने, परत का आली नाही? त्या पन्नास वर्षांत तिला कुणी एक ओळ दिली नाही. आणि गंमत पाहा, त्याच वर्तमानपत्रांनी नानासाहेबांना पुन्हा पुन्हा पकडलं. १८७४ मध्ये तर ग्वाल्हेरला शिंद्यांनी धरून दिलेला माणूस नानासाहेब म्हणून गाजला, ओळख पटवायला बसल्यावर तो भलताच निघाला. जिवंत मुलीला मारलं आणि हाती न लागलेल्या माणसाला धरून आणलं.

परवा संध्याकाळी चर्चकडून परतलो आणि ताईला फोन लावला. म्हटलं, त्या कात्रणाची तारीख आठवते का? आणि आईचं नाव का नाही छापलं त्यांनी?

ताई हसायला लागली. “छापणारे कोण छापतायत? बातमी आईनंच लिहून दिली होती. दुपारी छत्री घेऊन एकटी गेली पेपरच्या कचेरीत. बाबांना पत्ताच नव्हता. आणि तुला लेफ्टनंटही तिनंच केलं बरं का. म्हणाली, वर्षभरानं होणारच आहे, पुन्हा कोण जाईल सांगायला!”

आई जाऊन दोन वर्षं झाली. इतकी वर्षं मी ती चूक पेपरवाल्यांच्या माथी मारत होतो. रकान्यांतून गळलेल्या बायका शोधत इथे फिरतोय, आणि माझ्याच घरात एकीने स्वतःच्या हाताने बातमी लिहिताना स्वतःलाच वगळलं होतं. तिला तो साचा इतका पाठ होता.

कात्रण उलटं केलं. मागे बियाणांची अर्धी जाहिरात आहे. तिच्या कडेच्या कोऱ्या जागेत ताईने सांगितलेली तारीख लिहिली, आईचं पूर्ण नाव लिहिलं, आणि त्यापुढे लिहिलं, ‘बातमी हिने दिली.’

तुमच्याही ट्रंकेत अशी कात्रणं असतील. सांगणारं माणूस आहे तोवर विचारून घ्या आणि मागे लिहून ठेवा.