‘रेकॉर्ड सापडत नाही’ हे उत्तर चालतं का? सरकारी कागद किती वर्षं सांभाळायचा, कुणी सांभाळायचा, आणि हरवला तर काय करायचं

“काका, एवढं जुनं रेकॉर्ड आमच्याकडं नाही. पावसात भिजलं असंल, नाहीतर वाळवी लागली असंल.” तहसील कार्यालयात किंवा ग्रामपंचायतीत हे उत्तर ऐकून माघारी फिरलेली माणसं प्रत्येक गावात सापडतात. कुणाला आजोबांच्या वाटणीचा फेरफार हवा असतो, कुणाला जात पडताळणीसाठी पणजोबांची जन्मनोंद, तर कुणाला पंधरा वर्षांपूर्वीच्या ग्रामसभेचा ठराव. दोन-चार हेलपाटे झाले की माणूस नाद सोडतो.

पण सरकारी कागद किती वर्षं ठेवायचा हे त्या टेबलावरचा कर्मचारी ठरवत नाही. ते नियमाने आधीच ठरलेलं असतं. कागद मुदत संपल्यावर नष्ट केला असेल तर त्याचीही नोंद असावी लागते. म्हणजे दोनच गोष्टी शक्य आहेत. एकतर कागद दप्तरात आहे, नाहीतर तो नष्ट केल्याची नोंद आहे. दोन्ही नसेल तर तो कागद ज्याच्या ताब्यात होता त्याची जबाबदारी निश्चित करावी लागते.

अ, ब, क, क-1, ड

महाराष्ट्रात सरकारी कार्यालयांत आणि जिल्हा परिषद, पंचायत समित्यांत काम संपलेल्या फायलींचे पाच वर्ग पाडतात. ‘अ’ वर्ग कायमचा ठेवायचा. ‘ब’ वर्ग 30 वर्षं, ‘क’ वर्ग 10 वर्षं, ‘क-1’ वर्ग 5 वर्षं आणि ‘ड’ वर्ग 1 वर्ष. कोणता कागद कोणत्या वर्गात जातो याची यादी त्या त्या विभागाने ठरवून दिलेली असते. जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या आणि फेरफाराच्या वह्या हे कायम जपायचं दप्तर. उलट साधी स्मरणपत्रं किंवा वर्षभरापुरतेच कामाचे कागद ‘ड’ मध्ये जातात.

मुदत मोजायची ती प्रकरण बंद झाल्यापासून, अर्ज आला त्या दिवसापासून नव्हे. 2012 साली आलेला अर्ज 2016 मध्ये निकाली निघाला आणि तो ‘क’ वर्गात असेल, तर 2022 मध्ये “दहा वर्षं झाली” असं सांगून भागत नाही. शिवाय कोर्टात दावा सुरू असेल, लेखापरीक्षणाचा आक्षेप मिटला नसेल किंवा चौकशी चालू असेल, तर मुदत संपली तरी त्या फायलीला हात लावायचा नसतो.

मुदत संपलेले कागद वेगळे काढण्याच्या कामाला सरकारी भाषेत ‘निंदणीकरण’ म्हणतात. शेतकऱ्याला हा शब्द समजावून सांगायची गरज नाही. निंदताना तणाबरोबर पीक उपटलं तर काय होतं, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. कार्यालयातही तीच भीती असते. 2025 च्या सुरुवातीला राज्य सरकारच्या 100 दिवसांच्या कार्यक्रमात कार्यालयांची स्वच्छता आणि जुन्या दप्तराची आवराआवर यावर भर होता. अशा मोहिमा चांगल्याच, कारण ढिगाऱ्यात काहीच सापडत नाही. मात्र कपाट रिकामं करायच्या घाईत गठ्ठा न उघडता रद्दीत गेला, तर त्यात कुणाच्या तीन पिढ्यांचा पुरावा असू शकतो.

जुन्या कागदाला एवढी किंमत का

जात पडताळणीचं उदाहरण घेतलं तर लगेच लक्षात येतं. अनुसूचित जातीच्या अर्जदाराला 10 ऑगस्ट 1950 पूर्वीचा, अनुसूचित जमातीसाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी 21 नोव्हेंबर 1961 पूर्वीचा आणि इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचा पुरावा मागितला जातो. एवढा जुना पुरावा घरात क्वचितच असतो. तो असतो शाळेच्या जनरल रजिस्टरमध्ये, नाहीतर तहसीलमध्ये ठेवलेल्या गाव नमुना 14 मध्ये, ज्याला गावाकडं ‘कोतवाल बुक’ म्हणतात. त्यात जन्म-मृत्यूसोबत जातही लिहिलेली असायची.

2023 मध्ये कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली, तेव्हा तालुक्या-तालुक्यांत हीच जुनी दप्तरं बाहेर काढली गेली. काही मोडी लिपीत होती, ती वाचायला मोडी जाणकार शोधावे लागले. ज्या कार्यालयांत रुमाल नीट बांधून, यादी करून ठेवले होते तिथं काम सरकलं. जिथं नुसता ढीग होता तिथं सरकारी यंत्रणेलाही तोच अनुभव आला, जो एरवी खिडकीबाहेरच्या माणसाला येतो.

फाईल कपाटापर्यंत कशी जाते

अर्ज आला की आवक नोंदवहीत त्याला नंबर पडतो. मग तो संबंधित लिपिकाच्या कार्यविवरण नोंदवहीत, म्हणजे वर्कशीटमध्ये चढतो. फाईल तयार होते, पानांना नंबर पडतात. टेबलावरचे कागद सहा गठ्ठ्यांत ठेवायची पद्धत आहे. चालू प्रकरणं, दुसऱ्या कार्यालयाच्या उत्तराची वाट बघणारी, ठरावीक मुदतीला पाठवायची विवरणपत्रं, स्थायी आदेश, अभिलेख कक्षात पाठवायची आणि नष्ट करायची. 1980 च्या दशकात तेव्हाच्या अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना यांनी कार्यालयाची आणि दप्तराची जी नवी मांडणी केली, ती ‘लखीना पॅटर्न’ म्हणून राज्याबाहेरही पोचली. मागितलेला कागद पटकन हाती यावा, हा त्यातला मोठा भाग होता.

काम संपलं की फायलीच्या कव्हरवर वर्ग लिहायचा, नष्ट करायचं वर्ष लिहायचं आणि यादीसह ती अभिलेख कक्षात जमा करायची. अभिलेख कक्ष म्हणजे रेकॉर्ड रूम. तिथं कापडात बांधलेल्या रुमालावर विभाग, वर्ग, गाव आणि वर्ष लिहिलेलं असावं लागतं. मुदत संपल्यावरही अधिकाऱ्याची लेखी मंजुरी घेऊन, यादी करून, नोंदवहीत नोंद करूनच कागद नष्ट होतो. लिपिकाने आपल्या मर्जीने फाडायचा नसतो.

खरी गडबड बहुतेक वेळा बदलीच्या दिवशी होते. जुना कर्मचारी जातो, नवा येतो, आणि चार्ज यादीत नुसतं “सर्व दप्तर दिले, घेतले” असं लिहून सह्या होतात. वर्षभराने कॅश बुक किंवा प्रोसिडिंग बुक सापडलं नाही की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. यादीत वहीचं नाव, वर्ष, पानांची संख्या असेल तर हा वाद होतच नाही. तलाठी म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी आणि ग्रामसेवक म्हणजे आताचे ग्रामपंचायत अधिकारी, यांच्याबाबत गावाला याचा सगळ्यात जास्त फटका बसतो. एकेका कर्मचाऱ्याकडं दोन-तीन गावांचा पदभार असतो आणि अर्धं दप्तर सोबतच्या पिशवीत फिरत असतं, हेही खरं आहे. अडचण खरी असली तरी जबाबदारी सुटत नाही.

कायदा काय म्हणतो

महाराष्ट्र सार्वजनिक अभिलेख अधिनियम, 2005 हा यासाठीचा स्वतंत्र कायदा आहे. कलम 8 प्रमाणे ठरलेली पद्धत सोडून सरकारी अभिलेख नष्ट करता येत नाही. ते मोडलं तर कलम 9 नुसार 5 वर्षांपर्यंत कैद किंवा 10 हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. कायद्याच्या नजरेत अभिलेख म्हणजे फक्त कागद नाही. नकाशे आणि कॉम्प्युटरवर तयार झालेली माहितीही त्यात येते.

दुसरा आधार माहिती अधिकार कायद्याचा. त्याच्या कलम 4(1)(क) प्रमाणे प्रत्येक कार्यालयाने आपलं दप्तर सूची आणि अनुक्रमणिकेसह ठेवायचं असतं. माहिती नाकारायची कारणं कलम 8 आणि 9 मध्ये दिली आहेत, आणि “फाईल सापडत नाही” हे कारण त्यात कुठंच नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने 2013 च्या एका निकालात सांगितलं की, एकेकाळी कार्यालयात असलेली माहिती आता सापडत नसेल तर तिचा कसून शोध घ्यावा आणि ती हरवायला कोण कारणीभूत, याची जबाबदारी निश्चित करावी.

गावकऱ्याने करायचं काय

तोंडी विचारून तोंडी उत्तर घेऊन घरी येणं, ही पहिली चूक. नकलेचा अर्ज लेखी द्यावा आणि आवक नंबरसह पोच घ्यावी. अर्जात गाव, जुना सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर, अंदाजे वर्ष, फेरफार नंबर माहीत असल्यास तो, असं जेवढं देता येईल तेवढं द्यावं. “आजोबांचे सर्व कागद” असा अर्ज आला तर प्रामाणिक अभिलेखपालही काही करू शकत नाही.

त्याच्या जोडीला सोमवारचा उपयोग करावा. 26 नोव्हेंबर 2018 च्या शासन निर्णयानुसार जिल्हा पातळीवरच्या व त्याखालच्या कार्यालयांत आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 या वेळेत नागरिकांना अभिलेख पाहता येतात. गावाकडं ही सोय फार कमी लोकांना माहीत आहे.

तरीही “नाही” असंच उत्तर आलं, तर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून अर्ज होतो. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला दाखला जोडल्यास फी माफ आहे. नकलेला साधारण 2 रुपये पान. इथं प्रश्न कसा विचारला यावर बरंच अवलंबून असतं. नुसता कागद मागितला तर “उपलब्ध नाही” एवढंच येतं. त्याऐवजी असं मागावं: अमुक वर्षाची अमुक नोंदवही कोणत्या वर्गात मोडते, ती अभिलेख कक्षात जमा केल्याच्या यादीची प्रत, नष्ट केली असल्यास मंजुरीचा आदेश आणि नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत, आणि त्या काळातल्या कर्मचाऱ्यांच्या चार्ज यादीची प्रत. या चार गोष्टी मागितल्या की हरवलेली फाईल बऱ्याचदा कुठल्यातरी कपाटाच्या मागून बाहेर येते.

30 दिवसांत उत्तर नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर पुढच्या 30 दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडं पहिलं अपील. त्यानंतर 90 दिवसांत राज्य माहिती आयोगाकडं दुसरं अपील. आयोग विनाकारण विलंबाबद्दल रोज 250 रुपये, जास्तीत जास्त 25 हजार रुपये दंड लावू शकतो आणि अर्जदाराला नुकसानभरपाई द्यायलाही सांगू शकतो. तिथं प्रकरणं तुंबलेली असतात, त्यामुळं धीर लागतो.

एकाच कागदाची दुसरी प्रत कुठं असते

भांडत बसण्याआधी हे बघितलेलं बरं. खरेदीखत किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र घरातून हरवलं असेल तर दुय्यम निबंधक कार्यालयात त्याची नक्कल मिळते. मोजणी, गट एकत्रीकरणाची योजना, जुना-नवा नंबर यांचं दप्तर उपअधीक्षक भूमी अभिलेख यांच्याकडं असतं. अनेक तालुक्यांतले जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन करून ‘महाभूमी’च्या ‘आपले अभिलेख’ सेवेत टाकलेत, मोबाइलवरही बघता येतात. डिजिटल सहीचा सातबारा 15 रुपयांत निघतो आणि तो सरकारी कामाला चालतो. जुन्या शाळेची नोंद शाळा बंद पडली तरी संपत नाही. ती शाळा ज्या शाळेत विलीन झाली तिथं किंवा पंचायत समितीच्या शिक्षण विभागात चौकशी करावी.

अशा दुसऱ्या प्रतींचं महत्त्व 21 जून 2012 ला मंत्रालयाला आग लागली तेव्हा सगळ्या राज्याला दिसलं. जळालेल्या फायली पुन्हा उभ्या करताना इतर कार्यालयांत पडून असलेल्या प्रतीच कामाला आल्या. आग, पूर यात खरोखरच दप्तर गेलं असेल तर कार्यालयाने त्याचा पंचनामा आणि वरिष्ठांना दिलेला अहवाल दाखवायला हवा. “पुरात भिजलं” असं उत्तर आलं तर अर्जदाराने कोणत्या सालच्या पुरात, हे विचारावं आणि त्या पंचनाम्याची प्रत त्याच अर्जात मागावी.