चेहरा, मलम आणि फिक्या डागाची कसोटी

मुरुमांवर, वांगावर किंवा नुसतेच ‘चेहरा उजळावा’ म्हणून लावलेले एखादे मलम पहिल्या आठवड्यात जादू करते. लाली जाते, पुटकुळ्या बसतात, रंगही थोडा उजळल्यासारखा वाटतो. दोन-तीन महिन्यांनी मात्र तोच चेहरा उन्हात गेले की पेटतो, साध्या पाण्यानेही चुरचुरतो आणि मलम दोन दिवस बंद ठेवले तर लाल होऊन सुजतो. पुन्हा मलम लावावे, की सारे शांत! लावणाऱ्याची खात्री पटते की मलम हेच खरे औषध, आणि खोट आहे ती आपल्याच कातडीत. नववी-दहावीच्या किंवा कनिष्ठ महाविद्यालयाच्या वर्गावर शिकवणाऱ्यांना असे चेहरे अनोळखी नसतील. या मलमात असते काय, आणि ते असे का वागते, हे समजून घ्यायला पाऊणशे वर्षे मागे जावे लागते.

सप्टेंबर १९४८ मध्ये अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये संधिवाताने अंथरुणाला खिळलेल्या एका स्त्रीला अधिवृक्क ग्रंथीतील एका संप्रेरकाची इंजेक्शने देण्यात आली. काही दिवसांतच ती चालू लागली. हे संप्रेरक म्हणजे कॉर्टिझोन. फिलिप हेंच, एडवर्ड केंडॉल आणि स्वित्झर्लंडमधील टाडेउश राइखश्टाइन यांना याच विषयातील कामाबद्दल १९५० चे नोबेल पारितोषिक मिळाले. सांध्यांची सूज उतरवणारे औषध कातडीची सूज का उतरवणार नाही, असा विचार त्वचारोगतज्ज्ञांच्या मनात येणे साहजिकच होते. त्यांनी कॉर्टिझोनचे मलम करून पाहिले आणि त्यांची निराशा झाली. मलमाचा काही उपयोग होईना.

कारण पुढे स्पष्ट झाले. कॉर्टिझोन स्वतः काम करीत नाही. शरीरात, मुख्यतः यकृतात, त्याचे हायड्रोकॉर्टिझोन होते आणि ते काम करते. कातडीवर लावलेल्या कॉर्टिझोनचे असे पुरेसे रूपांतर होत नाही. १९५२ मध्ये न्यूयॉर्कच्या मॅरियन सल्झबर्गर व व्हिक्टर विटेन यांनी थेट हायड्रोकॉर्टिझोनचेच मलम वापरले आणि इसबाची खाज व सूज उतरली. त्याआधी त्वचारोगतज्ज्ञाच्या हाताशी गंधक, डांबर, जस्ताचे मलम अशीच औषधे होती. ज्यांना रात्र-रात्र खाजवत बसावे लागे, त्यांच्या दृष्टीने ही क्रांतीच होती. या मलमांबद्दल पुढे जे लिहायचे आहे ते वाचताना ही गोष्ट विसरू नये.

लवकरच रसायनशास्त्रज्ञांच्या लक्षात आले की या रेणूच्या सांगाड्यात ठरावीक जागी फ्लोरीनचा एक अणू बसवला तर औषधाचा जोर कितीतरी पटींनी वाढतो. मग नवनवे रेणू तयार होऊ लागले. प्रश्न एवढाच होता, की यांतले जोरदार कोणते हे ठरवायचे कसे? प्रत्येक रेणू शेकडो रुग्णांवर वापरून पाहणे शक्य नव्हते.

१९६२ मध्ये मॅकेन्झी आणि स्टाउटन या दोघांनी त्यावर मोठी सोपी युक्ती काढली. ही मलमे लावली की कातडीखालच्या केशवाहिन्या आकसतात आणि तेवढी जागा फिकी पडते. त्यांनी औषध अल्कोहोलमध्ये विरघळवले, ते उत्तरोत्तर पातळ करीत नेले, निरोगी माणसांच्या कोपराखालच्या हातावर त्याचे थेंब टाकून वाळवले आणि वर प्लास्टिकचा पातळ पापुद्रा लावून रात्रभर ठेवले. सकाळी फिके डाग मोजायचे, एवढेच. जे औषध अधिक पातळ करूनही डाग पाडते ते अधिक जोरदार! ना महागडे उपकरण, ना रुग्णांची गरज. बीटामेथासोन व्हॅलरेट हे पुढे जगभर खपलेले औषध अशाच चाचण्यांतून निवडले गेले. अशी सुबक कसोटी विज्ञानाच्या इतिहासात क्वचितच सापडते.

पण कसोटी जे मोजते तेच ती मोजते. ही कसोटी एका रात्रीचा परिणाम मोजत होती. सहा महिन्यांचा नव्हे. आणि ती हातावर होत होती, चेहऱ्यावर नव्हे.

हा दुसरा मुद्दा किती महत्त्वाचा आहे ते १९६७ मध्ये फेल्डमन व मायबाक यांनी दाखवून दिले. किरणोत्सारी कार्बन-१४ ची खूण असलेले हायड्रोकॉर्टिझोन त्यांनी शरीराच्या निरनिराळ्या भागांवर लावले आणि लघवीत किती उतरते ते मोजले. कोपराखालच्या हातातून आत शिरणारे औषध १ धरले, तर तळपायातून ते सुमारे ०.१४ शिरते, कपाळातून ६ आणि जबड्याच्या कोपऱ्याजवळून १३. म्हणजे हातावर जे बेताचे, ते गालावर भरमसाट. (त्वचा शिकवताना हे चार आकडे फळ्यावर लिहून ‘असे का?’ एवढेच विचारावे. बाह्यत्वचेची जाडी, तेलग्रंथी, केसांची मुळे ही सगळी उत्तरे विद्यार्थी आपणच देतात.)

आता इंग्लंडमधील शेफील्डला जाऊ. तेथील त्वचारोगतज्ज्ञ इयन स्नेडन यांच्याकडे रोझेशियाचे रुग्ण येत. रोझेशियात गाल, नाक, कपाळ व हनुवटी लाल होते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, पुटकुळ्या येतात, आग होते. ऊन, गरम चहा, तिखट, मनस्ताप अशा कशानेही ती भडकते. काहींचे नाक पुढे जाड व गाठाळ होते. लूव्र संग्रहालयात गिर्लांदायोने पंधराव्या शतकाच्या अखेरीस काढलेले एका आजोबांचे व नातवाचे चित्र आहे, त्यातील आजोबांचे नाक तसेच आहे. लाल नाक म्हणजे दारुडा, हा युरोपातला जुना समज. दारूने चेहरा तांबडा होतो हे खरे. पण दारूला कधी न शिवलेल्यांनाही रोझेशिया होतो, आणि त्यांना दुखण्याबरोबर ही कुचेष्टाही सोसावी लागे.

स्नेडन यांनी १९६६ मध्ये या रोगात टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक पोटातून देऊन रीतसर चाचणी केली होती आणि ते उपयोगी पडते असे दाखवले होते. पण त्याच काळात नवी फ्लोरीनयुक्त मलमे सगळीकडे पोहोचली होती. मलम लावताच लाली ओसरे, म्हणून रुग्णही खूश आणि डॉक्टरही. स्नेडन यांच्या ध्यानात आले, की हे रुग्ण बरे होत नव्हते. वर्षागणिक त्यांचे चेहरे अधिक लाल, अधिक पातळ कातडीचे, अधिक हुळहुळे होत होते. मलम बंद केले की रोग दुपटीने उसळे. १९६९ मध्ये त्यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये हे मांडले: फ्लोरीनयुक्त स्टेरॉइड मलमे रोझेशियाला अपाय करतात.

त्यांच्या निरीक्षणाचे मोल कशात आहे? मलम लावले की आराम, सोडले की त्रास, हा अनुभव शेकडो जणांना येत होता, आणि त्यातून जो तो एकच निष्कर्ष काढत होता: मलम हवेच. हा निष्कर्ष वरवर किती तर्कशुद्ध दिसतो! रुग्ण रोजच्या रोज जणू प्रयोग करून तो पडताळत असे. स्नेडन यांनी तोच अनुभव उलटा वाचला. सोडल्यावर होणारा त्रास हा जुन्या रोगाचा नसून मलमाचा असेल, तर? तसे असेल तर मलम कायमचे थांबवल्यावर काही आठवड्यांचा कठीण काळ जाऊन चेहरा शांत व्हायला हवा. आणि तो होत असे. तरुण स्त्रियांत एकाएकी दिसू लागलेल्या, तोंडाभोवती बारीक पुटकुळ्या येण्याच्या विकारातही पुढे तेच आढळले.

शरीरात घडते ते असे. औषध असेपर्यंत केशवाहिन्या आकसलेल्या राहतात. ते काढले की त्या पूर्वीपेक्षा जास्त रुंदावतात. महिनोन्‌महिने वापरले तर कातडीतील कोलाजेन कमी तयार होते, बाह्यत्वचा पातळ पडते, खालच्या वाहिन्या दिसू लागतात आणि बाहेरचे काहीही सहन होत नाही. रंगद्रव्य कमी बनते; ‘उजळपणा’ येतो तो यातून आणि वाहिन्या आकसण्यातून. शिवाय सवय होते ती वेगळीच. फिक्या डागाची कसोटी काढणाऱ्या स्टाउटन यांनीच १९७५ मध्ये एका सहकाऱ्यासह दाखवले, की तेच मलम पुन्हा पुन्हा लावत राहिले तर काही दिवसांतच डाग पडेनासा होतो. मग माणूस अधिक जोरदार मलमाकडे वळतो.

अमेरिकेत अल्बर्ट क्लिगमन व सहकाऱ्यांनी १९७४ मध्ये या विकाराला ‘स्टेरॉइड रोझेशिया’ म्हटले आणि १९७९ मध्ये क्लिगमन यांनी त्यासाठी सरळ ‘व्यसन’ हा शब्द वापरला. हे क्लिगमन म्हणजे विलक्षण गृहस्थ. फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातील कैद्यांवर त्यांनी वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांबद्दल त्यांच्यावर झालेली टीका आजही थांबलेली नाही. आणि या दोन इशाऱ्यांच्या मधल्या वर्षी, १९७५ मध्ये, कातडीचा रंग उतरवणारे एक मिश्रणही त्यांनीच सुचवले होते: हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड. अशा तिहेरी मिश्रणाचे एक सुधारित रूप अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झाले, तेही वांगासाठी आणि सुमारे आठ आठवड्यांपुरते.

आपल्याकडे हेच मिश्रण, बहुधा मोमेटासोन घालून, गोरे होण्याची क्रीम म्हणून घरोघर गेले. आठ आठवड्यांची अट वाटेतच गळाली. कोलकात्याचे त्वचारोगतज्ज्ञ कौशिक लाहिरी व अरिजित कुंडू यांनी २००८ मध्ये अशा चेहऱ्यांना ‘स्टेरॉइडने बिघडलेला चेहरा’ या अर्थाचे स्वतंत्र नाव दिले. देशातील अनेक केंद्रांत मिळून केलेली एक पाहणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली. चेहऱ्याच्या तक्रारी घेऊन आलेल्या २९२६ जणांपैकी ४३३ जण, म्हणजे जवळजवळ १५ टक्के, स्टेरॉइड मलम लावत होते. आणि त्यांतल्या २५७ जणांना ते डॉक्टरने सांगितलेलेच नव्हते. मैत्रीण, शेजारीण, न्हावी, ब्यूटी पार्लर, औषधाचा दुकानदार, असे सल्लागार आपल्याकडे काय कमी आहेत? २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशी १४ स्टेरॉइड मलमे चिठ्ठीशिवाय विकण्यास बंदी केली. तरीही ती सहज मिळतात, हे कोणालाही गल्लीतल्या दुकानात पाहता येईल.

निदान नळीवरील बारीक अक्षरे वाचता यावीत. घटकद्रव्यांत शेवटी ‘सोन’ येणारे नाव, जसे बीटामेथासोन, मोमेटासोन, डेक्सामेथासोन, किंवा क्लोबेटासॉल, फ्लुओसिनोलोन हे शब्द दिसले तर ते स्टेरॉइड आहे. वेष्टनावरची लाल उभी रेघ म्हणजे ‘चिठ्ठीशिवाय नको’. इसबावर डॉक्टरांनी ठरावीक दिवसांसाठी दिलेले असे मलम भीतीने टाकून देऊ नये, तोही अपायच.

आणि चेहरा बिघडलाच असेल तर? मलम थांबवावेच लागते, पण ते त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली. कधी एकदम, कधी सौम्य मलमावर आणून हळूहळू. पहिले काही आठवडे चेहरा आधीपेक्षा वाईट दिसतो. हे आधी सांगितलेले नसेल तर बहुतेक जण याच टप्प्यावर नळीकडे परततात. विद्यार्थी त्या दिवसांत शाळा बुडवतात, फोटोत उभे राहत नाहीत. कोमट पाणी, साबणाऐवजी सौम्य क्लीन्सर, साधे बिनवासाचे पेट्रोलियम जेली किंवा मॉइश्चरायझर, टोपी-छत्री आणि सोसेल असे सनस्क्रीन, एवढेच चेहऱ्याला लावायचे. लिंबू, टूथपेस्ट, घासून चेहरा साफ करणे हे सारे बंद. सावळ्या कातडीवर लाली नीट दिसत नाही. म्हणून ‘आग होते’, ‘ओढल्यासारखे वाटते’ असे मुलाने सांगितले तर ते खरे मानावे.

औषधांत स्नेडन यांचे टेट्रासायक्लिन आणि त्याच कुळातील डॉक्सिसायक्लिन आजही कामी येतात. (आठ वर्षांखालील मुलांना व गरोदरपणात ती सहसा देत नाहीत.) रोझेशियावर मेट्रोनिडाझोल १९७६ मध्ये पोटातून व १९८३ मध्ये मलमाच्या रूपात उपयोगी ठरल्याचे प्रसिद्ध झाले, २०१४ मध्ये आयव्हरमेक्टिनचे क्रीम अमेरिकेत मान्य झाले. त्याच्या आदल्या वर्षी, २०१३ मध्ये, ब्रिमोनिडिन नावाचे जेलही आले होते. ते स्टेरॉइड नाही, पण केशवाहिन्या आकसवून काही तासांपुरती लाली घालवते. काही रुग्णांचा चेहरा त्याचा असर उतरल्यावर आधीपेक्षा अधिक लाल होतो, असे डॉक्टरांना लवकरच कळवावे लागले.