बाटलीवर नाव कुणाचं?

परवा आमच्या वॉशिंग मशीनचा ड्रम मेकॅनिकनं खोलून दाखवला. स्टीलवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे, कडेला तांबूस डाग, दाराची रबरी रिंग भुसभुशीत झालेली. तो म्हणाला, "साहेब, ह्यात ॲसिड पडलंय. वॉरंटीत बसत न्हाई."

ॲसिड कुणी घातलं नव्हतं. दोन महिन्यांपूर्वी स्कूटरवरून फिनेल विकणारा एक पोरगा गल्लीत आला होता. त्याच्याकडून बायकोनं 'मशीन क्लीनर'ची बाटली घेतली. बोअरच्या पाण्यानं ड्रमवर पांढरा थर बसतो, तो जाईल म्हणून. बाटलीवर चकचकीत स्टिकर आहे : 'सर्व कंपन्यांच्या मशीनसाठी सुरक्षित'. कारखान्याचं नाव नाही, पत्ता नाही, फोन नाही. बिल तर नाहीच.

मशीनच्या कंपनीनं हात वर केले. त्यांचंही एका अर्थानं खरं आहे, त्यांच्या मालात दोष नव्हता. मग हजारांतलं नुकसान भरून मागायचं कुणाकडं? पत्रकार असल्यामुळं मी सवयीनं कायदा काढून बसलो आणि त्याच्या इतिहासातच अडकलो. म्हटलं, तुम्हालाही सांगावं.

आपल्याकडं बराच काळ आधार होता तो १९३० च्या माल विक्री कायद्याचा. इंग्रजांच्या काळातला, आजही लागू आहे. त्याचा मूळ सूर असा, की घेणाऱ्यानं बघून घ्यावं. त्याला अपवाद आहेत, पण भांडण विकणारा आणि घेणारा या दोघांतलं. माल बनवणारा लांब कुठंतरी कारखान्यात बसलेला, त्याच्याशी तुमचा व्यवहारच झालेला नाही. त्यात दाद मागायची तर दिवाणी कोर्ट, वकील, स्टॅम्प, तारखा. एका बादलीसाठी किंवा मिक्सरसाठी कोण जाईल?

ही भिंत पहिल्यांदा हादरली ती स्कॉटलंडमधल्या पेझ्ली गावात. ऑगस्ट १९२८. मे डोनोह्यू नावाची बाई मैत्रिणीबरोबर कॅफेत गेली. मैत्रिणीनं तिच्यासाठी जिंजर बिअर मागवली. बाटली गडद काचेची, आतलं काही दिसत नव्हतं. निम्मी पिऊन झाल्यावर उरलेली ओतली तर आतून कुजलेली गोगलगाय पडली, असं बाईंचं म्हणणं. त्या आजारी पडल्या. पण पैसे मैत्रिणीनं दिलेले, म्हणजे कॅफेवाल्याशी यांचा करारच नाही. तेव्हा त्यांनी बाटलीवर ज्याचं नाव होतं त्या स्टीव्हन्सनवरच दावा लावला. मे १९३२ मध्ये लंडनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं तीन विरुद्ध दोन असा निकाल दिला : मधे कुणी तपासू शकणार नाही अशा रीतीनं माल बंद करून विकणाऱ्या उत्पादकावर, शेवटी तो वापरणाऱ्याची काळजी घेण्याची जबाबदारी आहे. गंमत म्हणजे बाटलीत गोगलगाय खरंच होती का, हे कोर्टात कधी सिद्ध झालंच नाही. प्रकरण पुढं तडजोडीनं मिटलं.

आपल्याकडं ग्राहक म्हणून माणसं एकत्र आली ती सत्तरच्या दशकातल्या महागाईत आणि टंचाईत. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायत सुरू केली. हा माणूस त्याआधी दादरा-नगर हवेलीच्या मुक्तिसंग्रामात उतरलेला. त्याच लढ्यात आपल्या कोल्हापुरात जन्मलेले बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, होते. पुढच्याच वर्षी मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. शेजारपाजारच्या घरांनी संघ करायचा, किराणा एकत्र घाऊक आणायचा आणि आपसात वाटून घ्यायचा. आज हे साधं वाटतं. पण दुकानदार देईल ते आणि म्हणेल त्या भावानं घ्यायचं, या काळात गृहिणींनी वजन, भेसळ, भाव यांवर बोलायला सुरुवात केली ती अशा संघांतून.

बाटलीवरच्या नावाचा प्रश्नही याच काळातला. १९७७ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर उत्पादकाचं नाव-पत्ता छापणं बंधनकारक केलं. त्यांची जागा घेणारे २०११ चे नियम आणखी पुढं जातात : तक्रारीसाठी कुणाशी संपर्क साधायचा तेही छापा. म्हणजे आमच्या मोरीतली बाटली जवळजवळ पन्नास वर्षं जुना नियम मोडून गल्लीत आली होती.

२४ डिसेंबर १९८६ ला ग्राहक संरक्षण कायद्यावर राष्ट्रपतींची सही झाली. दरवर्षी त्या दिवशी भाषणं होतात ती यामुळंच. वकिलाशिवाय, साध्या अर्जावर, जिल्ह्याच्या ठिकाणी दाद, हे फार मोठं काम झालं. तरी एक मेख होती. नुकसानभरपाई हवी तर समोरच्याचा निष्काळजीपणा दाखवावा लागे. बाटलीतला माल कारखान्यात कसा भरला, हे शिवाजी पेठेतल्या बाईनं कसं दाखवायचं?

ती मेख बऱ्याच अंशी काढली २०१९ च्या कायद्यानं. तो २० जुलै २०२० पासून लागू आहे. त्यात उत्पादनाच्या जबाबदारीवर स्वतंत्र प्रकरण आहे आणि 'हानी'त तुमच्या दुसऱ्या मालमत्तेचं नुकसान स्पष्ट धरलंय. क्लीनरनं मशीन खाल्लं तर मशीन ही ती दुसरी मालमत्ता. बनवण्यात दोष, रचनेत दोष, वापराच्या पुरेशा सूचना नाहीत, धोक्याचा इशारा नाही, यांतलं काहीही पुरतं. आणि उत्पादकानं मालाबद्दल शब्द दिला असेल व माल त्या शब्दाला जागला नाही, तर 'मी निष्काळजी नव्हतो' हे त्यानं सिद्ध केलं तरी तो सुटत नाही. 'सर्व मशीनसाठी सुरक्षित' हे ते शब्द. स्टिकर छापणाऱ्याला हे माहीत असेल असं वाटत नाही.

आणि उत्पादक कोण तेच कळत नसेल तर? कायदा म्हणतो, मग विकणारा जबाबदार. माझ्या मते अख्ख्या प्रकरणात आपल्यासारख्या गावांसाठी सगळ्यात कामाचं कलम हेच.

पण चुकीच्या वापराला माफी नाही. संडासाचं ॲसिड मशीनमध्ये ओतलं, किंवा एक झाकण लिहिलंय तिथं अर्धी बाटली घातली, तर दावा तिथंच बसला. आपल्याकडं जास्त घातलं की जास्त स्वच्छ होतं हा समज घट्ट आहे, म्हणून सांगतो.

आयोग नमुना सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. त्यासाठी नमुना शिल्लक पाहिजे. आपण काय करतो? रागानं बाटली घंटागाडीत. मेकॅनिकच्या जॉबशीटवर 'केमिकल डॅमेज' लिहिलेलं बघून लोक त्याच्याशी भांडतात. अहो, लिहू दे त्याला, सही-शिक्क्यानिशी लिहून घ्या. वॉरंटी नाकारणारा तोच कागद क्लीनरवाल्याविरुद्ध तुमचा पुरावा होतो.

तक्रार आता स्वतः राहतो त्या जिल्ह्यात करता येते, कंपनी दिल्लीची असली तरी. दोन वर्षांच्या आत करायची. घेतलेल्या मालाची किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. सर्किट बेंचसाठी सहा जिल्ह्यांनी किती वर्षं आंदोलन केलं आणि ऑगस्ट २०२५ मध्ये ते कसं सुरू झालं, हे आपण बघितलंय. मुंबईला न जाता न्याय मिळणं म्हणजे काय, ते कोल्हापूरकराला वेगळं समजवायला नको.

आमच्याकडं अर्धी बाटली शिल्लक आहे. झाकण चिकटपट्टीनं बंद करून, तारीख लिहून माळ्यावर ठेवलीय. बिल नसलं तरी बायकोनं पैसे फोनवरून दिले होते, त्यात घेणाऱ्याचं नाव आलंय. त्याला आधी स्पीड पोस्टानं नोटीस देतोय, उत्तराला पंधरा दिवस. पोरगा कदाचित स्वतःच कुणाकडून तरी डबे आणून विकत असेल. त्यानं ते नाव सांगितलं तर माझं भांडण त्याच्याशी उरणार नाही.

कुणाच्या घरात असलीच, निळ्या झाकणाची, न उघडलेली बाटली असेल तर टाकू नका. मला इनबॉक्समध्ये कळवा, मी येऊन बघतो.