एक मूळ, अनेक पडदे : कैलास लेण्यापासून एचडीएमआयपर्यंत

१/
वेरूळच्या कैलास लेण्याच्या प्रांगणात उभ्या राहणाऱ्याची पहिली अडचण पाहण्याचीच असते. समोरचे मंदिर एका नजरेत मावत नाही. तळाशी वास्तू पाठीवर पेलणारे हत्ती पाहावेत तर शिखर सुटते. कड्यावर चढून शिखर पाहावे तर हत्ती दिसेनासे होतात. आठव्या शतकात, राष्ट्रकूट राजा कृष्ण पहिला याच्या कारकिर्दीत, एकाच खडकातून वरून खाली कोरत आणलेली ही वास्तू. मूळ एकच, पण ते पाहायला जागा अनेक लागतात.

२/
आज एका संगणकाला दोन मॉनिटर आणि भिंतीवरचा टीव्ही जोडणारा विद्यार्थी याच अडचणीवर तोडगा शोधत असतो. संगणक त्याच्यापुढे दोन मुख्य पर्याय ठेवतो. 'डुप्लिकेट' म्हणजे प्रत्येक पडद्यावर तेच चित्र. 'एक्सटेंड' म्हणजे सगळे पडदे मिळून एकच मोठा पट. प्रत आणि विस्तार या दोन कल्पना संगणकापेक्षा कितीतरी जुन्या आहेत. त्यांचा प्रवास वेरूळपासूनच सुरू करता येतो. हा थ्रेड त्या प्रवासाचा.

३/
विस्ताराचा नमुना खुद्द कैलासाच्या भिंतीवर आहे. मंडपाच्या दक्षिण बाजूला रामायण आणि उत्तर बाजूला महाभारत व कृष्णकथा कोरलेल्या आहेत. एवढी मोठी कथा एका चौकटीत बसणार नव्हती. म्हणून शिल्पकारांनी ती एकावर एक अशा आडव्या पट्ट्यांत मांडली. प्रत्येक पट्टीत निराळे प्रसंग, पण कथा एक. डोळा एका पट्टीवरून दुसरीवर जातो, जसा तो आज एका मॉनिटरवरून शेजारच्या मॉनिटरवर जातो.

४/
आता १७९० च्या दशकातले पुणे. पेशव्यांच्या दरबारात चार्ल्स मॅलेट हा इंग्रजांचा वकील होता. गंगाराम चिंतामण तांबट हा पुण्याचा चित्रकार त्याच्यासाठी काम करत असे. वेरूळच्या लेण्यांची रेखाटने तांबटांनी केली. सवाई माधवराव आणि नाना फडणवीस यांची चित्रे काढणारा स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स याच वर्तुळातला. त्यानेही वेरूळला जाऊन रेखाटने केली. १७९५ मध्ये वेल्स मरण पावला. कागद मागे उरले.

५/
ते कागद पुढे इंग्लंडमध्ये थॉमस डॅनियल या चित्रकाराच्या हाती आले आणि १८०३ मध्ये वेरूळच्या २४ दृश्यांचा मुद्रित संच निघाला. या संचात दोन्ही पद्धती एकत्र दिसतात. एका स्थळासाठी २४ पाने, हा विस्तार. प्रत्येक दृश्य तांब्याच्या पत्र्यावर उतरवून त्याचे अनेक छाप, ही प्रत. वेरूळ कधीही न पाहिलेल्या युरोपातल्या वाचकासमोर प्रथमच एवढ्या तपशिलाने वेरूळ उभे राहिले.

६/
मात्र या संचाच्या शीर्षकात नावे दोनच आहेत. रेखाटनकार म्हणून वेल्स आणि छपाईचा सूत्रधार म्हणून डॅनियल. त्याच काळात तीच लेणी रेखाटणाऱ्या तांबटांचे नाव तिथे नाही. मूळ स्थळापासून कागदावर, कागदावरून तांब्यावर आणि तांब्यावरून पुन्हा कागदावर असा हा प्रवास होता. अशा प्रत्येक टप्प्यावर चित्राच्या कडेचे काहीतरी गळते. हा मुद्दा लक्षात ठेवावा. तो पुढे टीव्हीच्या बाबतीत अगदी शब्दशः परत येणार आहे.

७/
शेजारच्या अजिंठ्याने दुसरा धडा दिला. मेजर रॉबर्ट गिल याने १८४० च्या दशकात तिथल्या भित्तिचित्रांच्या मोठ्या रंगीत प्रतिकृती करायला घेतल्या. त्यात त्याची अनेक वर्षे गेली. त्या लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या होत्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक जळाल्या. हाताने केलेली प्रतिकृती एकच असते. ती गेली की पाहण्याची वाटही गेली. छपाई आणि छायाचित्रण यांचे महत्त्व अशा वेळी कळते.

८/
गिल छायाचित्रकारही होता. अजिंठा-वेरूळची त्याची छायाचित्रे १८६४ मध्ये जेम्स फर्ग्युसनच्या मजकुरासह प्रसिद्ध झाली. त्याने स्टिरिओ छायाचित्रेही घेतली. या प्रकारात एकाच दृश्याची दोन चित्रे किंचित अंतरावरून टिपतात आणि प्रत्येक डोळ्याला एकेक चित्र दाखवतात. दोन्ही चित्रे अगदी सारखी असतील तर खोली दिसत नाही. त्यांच्यातल्या लहानशा फरकामुळेच दगडाला उठाव येतो.

९/
शतकभराने प्रश्न बदलला. आता मूळ स्थळाच्या जागी यंत्र होते. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत भारतीय अभियंत्यांनी बांधलेला संगणक १९६० मध्ये कार्यान्वित झाला. पुढे त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. आकडेमोडीचे उत्तर कागदावर छापून येई. त्याशिवाय आलेख आणि अक्षरे दाखवण्यासाठी संस्थेतच एक कॅथोड किरण नळीचा पडदा तयार केला होता. म्हणजे इथे पडदा आला तो जोडीचे, दुय्यम साधन म्हणून.

१०/
त्याच सुमारास अमेरिकेत दोन प्रयोग चालू होते. 'सेज' या हवाई संरक्षण यंत्रणेत एका प्रचंड संगणकाला डझनावारी पडदे जोडले होते आणि प्रत्येक पडद्यासमोरचा माणूस आकाशाचा आपापला भाग पाहत असे. इलिनॉय विद्यापीठात १९६० मध्ये सुरू झालेल्या 'प्लेटो' या शिक्षणप्रणालीत विद्यार्थ्यासमोर चक्क टीव्ही संच होता. संगणकाला टीव्ही जोडण्याची कल्पना इतकी जुनी आहे.

११/
महाराष्ट्रात टीव्ही आला तो प्रतीच्या रूपाने. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक उभा राहिला आणि मुंबईचे कार्यक्रम पुण्यात दिसू लागले. स्रोत एक, घरोघरचे पडदे हजारो आणि प्रत्येकावर तेच चित्र. पाहणाऱ्याला त्यात काही मांडता येत नव्हते. संच चालू करायचा किंवा बंद करायचा, एवढाच अधिकार त्याच्या हाती होता.

१२/
तो अधिकार वाढला घरगुती संगणकामुळे. १९८४ मध्ये केंद्र सरकारच्या 'क्लास' या शालेय संगणक साक्षरता प्रकल्पातून 'बीबीसी मायक्रो' हा ब्रिटिश संगणक भारतातल्या शाळांत पोहोचला. त्याच्या मागच्या बाजूला चित्र बाहेर नेणाऱ्या तीन जागा होत्या. एक साध्या टीव्हीसाठी, दुसरी कंपोझिट चित्रसंकेतासाठी आणि तिसरी रंगीत मॉनिटरसाठी. एका यंत्राला अनेक प्रकारचे पडदे जोडता येतात, हे त्या खोक्याच्या पाठीवरच दिसत होते.

१३/
तीन जागा कशासाठी? टीव्हीकडे जाणारे चित्र एखाद्या वाहिनीच्या लहरीवर चढवावे लागे. टीव्हीच्या लेखी संगणक म्हणजे आणखी एक प्रक्षेपण केंद्र. या चढउतारात अक्षरे पुसट होत. कंपोझिटमध्ये ती लहर नव्हती, पण रंग आणि प्रकाश एकाच तारेत कोंबलेले असत. रंगीत मॉनिटरला मात्र लाल, हिरवा आणि निळा संकेत स्वतंत्र तारांनी मिळे, म्हणून अक्षर स्पष्ट उमटे. मधले टप्पे जितके कमी, तितके चित्र मूळाशी प्रामाणिक.

१४/
विस्ताराचा मार्ग कार्यालयांतून आला. १९८१ च्या 'आयबीएम पीसी'मध्ये एक कृष्णधवल आणि एक रंगीत, अशी दोन चित्रकार्डे एकाच वेळी बसवता येत. १९८३ मध्ये आलेल्या 'लोटस १-२-३' या हिशेबाच्या प्रणालीत एका पडद्यावर आकड्यांचा तक्ता आणि दुसऱ्यावर त्याचा आलेख ठेवता येई. १९८७ च्या 'मॅकिंटॉश टू'वर अनेक पडद्यांचा एकच सलग पट झाला. 'विंडोज ९८'ने नऊ मॉनिटरपर्यंत मुभा दिली.

१५/
तरीही जोडणी सोपी नव्हती, कारण समोर कोणता पडदा आहे हे संगणकाला कळत नसे. १९९४ मध्ये ठरलेल्या 'ईडीआयडी' या मानकामुळे पडदा स्वतःची ओळख सांगू लागला : बनावट कोणती, किती ठिपके दाखवता येतात, कोणत्या वेगाने. २००२ मध्ये 'एचडीएमआय' आली आणि चित्र व आवाज एकाच केबलमधून जाऊ लागले. २०१० च्या 'डिस्प्लेपोर्ट १.२'मुळे तसे मॉनिटर एकाला एक, साखळीने जोडणे शक्य झाले.

१६/
इथे एक नेहमीचा गैरसमज. बाजारातला साधा एचडीएमआय स्प्लिटर लावला की पडदे वाढतात, पण वाढतात त्या प्रती. दोन्ही पडद्यांवर तेच चित्र दिसते. विस्तार हवा असेल तर संगणकातल्या ग्राफिक्स चिपला प्रत्येक पडद्यासाठी निराळे चित्र रचावे लागते आणि अशी किती चित्रे एकाच वेळी रचता येतील याला मर्यादा असते. मागे पोर्ट चार असले तरी चिप तीनच पडदे सांभाळत असेल, तर चौथा काळाच राहतो.

१७/
आता सहाव्या भागातला मुद्दा. संगणक टीव्हीला जोडला की कधीकधी खालची पट्टी आणि कोपऱ्यातली चिन्हे गायब होतात. याला 'ओव्हरस्कॅन' म्हणतात. जुन्या काचेच्या टीव्हीत चित्राच्या कडा स्थिर नसत; म्हणून चित्र चौकटीपेक्षा थोडे मोठे काढून कडा झाकत. काचेची नळी गेली, पण ही सवय सपाट टीव्हीतही उरली. टीव्हीच्या चित्रमापाच्या सेटिंगमध्ये जाऊन ती बंद करावी लागते. न केल्यास कडेचे गेले ते गेले, आणि पाहणाऱ्याला ते गेल्याचे कळतही नाही.

१८/
वेरूळ १९८३ पासून जागतिक वारसास्थळ आहे. लेण्यांपासून थोड्याच अंतरावर २०१३ मध्ये अभ्यागत केंद्र उभे राहिले. तिथे कैलासाची प्रतिकृती उभारली गेली आणि दृकश्राव्य दालनही. मूळ इतके जवळ असताना प्रत कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. पण ज्याला कड्यावर चढता येत नाही, त्याला प्रतिकृतीच्या आधाराने संपूर्ण रचना एका नजरेत समजते. प्रत मूळाची जागा घेत नाही. मूळ पाहण्याची तयारी मात्र करून देते.

१९/
गंगाराम तांबटांची चित्रे आज अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत आणि त्या संग्रहाच्या नोंदी इंटरनेटवर पाहता येतात. ज्या विद्यार्थ्याकडे दोन मॉनिटर आणि एक टीव्ही आहे, त्याने हा प्रयोग करावा. पहिल्या मॉनिटरवर तांबटांचे रेखाटन, दुसऱ्यावर वेल्स-डॅनियल यांच्या संचातले पान, टीव्हीवर त्याच लेण्याचे आजचे छायाचित्र. पर्याय 'डुप्लिकेट' नव्हे, 'एक्सटेंड' निवडावा आणि टीव्हीचा ओव्हरस्कॅन बंद करावा.

२०/
मग फरक दिसू लागतात. कोणी खांब कसा पाहिला, कोणी सावली कुठे टाकली, कोणी माणसे किती लहान काढली, कोणते शिल्प तेव्हा शाबूत होते. गिलच्या स्टिरिओ चित्रांप्रमाणे इथेही खोली येते ती फरकातून. आणि १८०३ च्या संचाच्या शीर्षकात न आलेले नाव पहिल्या मॉनिटरवर, चित्राच्या नोंदीत, पूर्ण वाचता येते : गंगाराम चिंतामण तांबट, पुणे.