पॅरिश कौन्सिलचा दख्खनी पूर्वज

इंग्लंडच्या खेड्यातल्या पॅरिश कौन्सिलची कुळकथा सगळे चर्चच्या दारातून सुरू करतात. कागदोपत्री ते बरोबरच आहे. पाद्र्याचे झगे ठेवायच्या खोलीत, व्हेस्ट्रीत, गावकरी जमत; त्या सभेलाही व्हेस्ट्रीच म्हणत. रस्त्यांची जबाबदारी सोळाव्या शतकातच पॅरिशवर, म्हणजे चर्चच्या हद्दीतल्या गावावर, आली होती. १६०१ च्या कायद्याने गरिबांसाठी पट्टी बसवायचं कामही तिच्या गळ्यात पडलं. १८१८ पासून व्हेस्ट्रीत बड्या मालमत्तावाल्याला एकट्याला सहापर्यंत मतं. १८३४ मध्ये गरिबांचा कारभार वरच्या मंडळांकडे गेला आणि व्हेस्ट्री खिळखिळी झाली. १८९४ मध्ये तिची चर्चबाहेरची कामं निवडून आलेल्या कौन्सिलकडे आली.

पण साठ वर्षं खेड्याच्या हातून कामं काढून घेणाऱ्या देशाला खेड्यावर एकाएकी भरवसा का वाटला? इतिहासकार १८८४ कडे बोट दाखवतात : शेतमजुरांना मताधिकार मिळाला, लिबरलांना ती मतं हवी होती. कबूल. पण मतं तर मजुरांना जमिनीचा तुकडा देऊनही मिळाली असती. गावाचा कारभार गावानेच करावा, ही हौस कुठली?

माझ्या मते तिचा एक धागा पेशवाईपर्यंत येतो. पेशवाई बुडाल्यावर ब्रिटिश अधिकारी एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिला. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार असा संच असलेलं गाव वरचं राज्य कोसळलं तरी तग धरील, असं त्याला दिसलं. पुढे त्याने भारताचा इतिहास लिहिला आणि १८६१ मध्ये हेन्री मेनने ‘एन्शंट लॉ’मध्ये त्यातला गावाविषयीचा मजकूर उद्धृत केला. हा मेन मग स्वतःच हिंदुस्थान सरकारचा कायदेमंत्री होऊन आला. परतल्यावर १८७१ च्या पुस्तकात त्याने हिंदी गाव आणि जुनं जर्मानिक गाव एकाच साच्यातली ठरवली. तोच साचा इंग्लंडात शोधायला निघाला लॉरेन्स गॉम. त्याची पुस्तकं १८८० आणि १८९० ची, आणि नोकरी कुठे, तर लंडनच्या स्थानिक कारभारात!

यावर हुकमी आक्षेप टुल्मिन स्मिथचा. पॅरिश ही मुळात सॅक्सनांची लोकसभा, चर्च नंतर येऊन चिकटलं, असं तो १८५४ मध्येच सांगून बसला होता. मग दख्खन हवंच कशाला? कारण त्याच्याकडे जुने दस्तऐवज होते, जिवंत नमुना नव्हता. तो मेनने पुरवला. १८९४ च्या कायद्यात दख्खनचं नाव नाही, हे खरं. कायद्यांत पूर्वजांची नावं नसतातच.

गंमत अशी, की इंग्लंडने उचलला फक्त आत्मविश्वास. आपल्या गावात वतन बापाकडून लेकाकडे जाई, आणि राबणाऱ्यांतले कित्येक वेशीबाहेर राहत. मेनच्या चित्रात ही वेस फिकटच आहे. तिकडे मात्र १८९४ च्या कायद्याने लग्न झालेल्या बायकाही निवडणुकीला उभ्या राहू शकल्या. तीनशे किंवा अधिक वस्तीच्या पॅरिशला कौन्सिल, त्याहून लहान असेल तर किमान गावसभा. पौंडामागे तीन पेन्सांवर कर हवा असेल तर गावसभेची परवानगी घ्यायची. दुसरी परवडणारी जागा असेल तर दारूच्या गुत्त्यात बैठक नाही!

इतिहासकार मेटलंडने या आदिम ग्रामसमाजाच्या कल्पनेला सुरुंग लावला तो १८९७ मध्ये. तोवर कौन्सिलं मजुरांना भाजीपाल्याचे वाफे भाड्याने देण्यात गुंतून दोनेक वर्षं झाली होती.